वर्गाच्या दारापासून खेळापर्यंत

शाळेच्या इमारतीचा नकाशा असतो. मैदानाचा बहुधा नसतो. वर्ग किती, कार्यालय कुठे, पाण्याची टाकी कुठे हे ठरते, भिंती उभ्या राहतात आणि कुंपणापर्यंत जी जागा उरते तिला मैदान म्हणतात. धडधाकट मुलांचे त्यामुळे फारसे अडत नाही. भिंतीवर कोळशाने तीन रेघा ओढल्या की स्टंप होतात, पिंपळाचा पार डबा ऐसपैससाठी कामी येतो. ज्या मुलाला जागा अशी आपल्या सोयीने वळवून घेता येत नाही, ते व्हरांड्यातल्या खांबाशी किंवा मदतनीस ताईंच्या शेजारी बसून मधली सुट्टी संपायची वाट पाहते. उपस्थितीपत्रकात त्याचे नाव असते, वर्गात त्याचा बाक असतो, पण शाळेतला जो वेळ मुले आपला मानतात त्या वेळेत त्याला जागा नसते.

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेतल्या खेळाच्या जागा कशा आखाव्यात, याचा अभ्यास इथून सुरू होतो. मूल मैदानावर असणे आणि मूल खेळात असणे यांत जे अंतर आहे, ते कशाकशाने तयार होते आणि कशाने कमी होते, हा त्याचा गाभा आहे. हे क्षेत्र अजून कोणत्याही एका विद्याशाखेचे नाही. वास्तुरचनाकाराला उंची-रुंदी कळते, ऑक्युपेशनल थेरपिस्टला शरीर कळते, विशेष शिक्षकाला ते मूल कळते, माळ्याला माती आणि झाड कळते आणि आईवडिलांना या कोणालाच न दिसणारे बरेच काही ठाऊक असते. यांपैकी कोणत्याही वाटेने तुम्ही इकडे आला असाल, तर मनापासून स्वागत. बाकीच्यांना तुमची गरज आहे.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे, हे आधी सांगून टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ खेळाचा हक्क मान्य करते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातले कलम ३० आणखी पुढे जाते आणि शाळेतल्या खेळाचाही उल्लेख करून समान सहभाग मागते. भारताने हा करार २००७ मध्ये मान्य केला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलम १६ शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने मिळावी असे म्हणते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवे आणि शाळेत अडथळाविरहित प्रवेश हवा, अशा दोन्ही गोष्टी आहेत. मात्र त्या वेगवेगळ्या नोंदी आहेत आणि प्रत्यक्षातही त्या वेगळ्याच राहतात. रॅम्प फाटकाकडून वर्गाकडे जातो. वर्गाकडून मैदानाकडे जाणारी वाट कोणत्याच नोंदीत बसत नाही. महाराष्ट्रात आणखी एक दुभंग आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा शालेय शिक्षण विभागाच्या, तर विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाच्या आणि २०२२ च्या डिसेंबरपासून नव्या दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत. एकाच गावातल्या दोन मैदानांवर मिळालेला अनुभव एकमेकांपर्यंत पोहोचायला त्यामुळे फार वेळ लागतो.

या क्षेत्राचा इतिहास एका अनपेक्षित ठिकाणी सुरू होतो. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनमध्ये एम्द्रुप या वसाहतीत मुलांसाठी एक भंगाराचे मैदान सुरू झाले. भूदृश्यरचनाकार सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते, की त्यांनी आखलेल्या नेटक्या बागांपेक्षा मुले बांधकामाच्या अर्धवट जागी अधिक रमतात. फळ्या, विटा, दोर, हातोडी, माती आणि मुलांवर विश्वास ठेवणारा एक मोठा माणूस, एवढेच तिथे होते. ब्रिटनमधल्या भूदृश्यरचनाकार मार्जरी ॲलन, लेडी ॲलन ऑफ हर्टवुड, यांनी १९४६ मध्ये ते पाहिले आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लंडनमधल्या रिकाम्या जागांसाठी त्या हाच आग्रह धरू लागल्या. पुढे सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आयुष्यातले शेवटचे मोठे काम हाती घेतले: अपंग मुलांसाठी साहसी मैदान. लंडनच्या चेल्सी भागात ते १९७० मध्ये सुरू झाले.

या घटनेकडे नीट पाहावे. जगात तेव्हा उपलब्ध असलेल्या मैदानांपैकी सर्वांत राकट, सर्वांत चिखलाचा आणि चढण्या-खोदण्याचा प्रकार लेडी ॲलन यांनी या मुलांसाठी निवडला. मऊ, स्वच्छ, उपचारकेंद्रासारखी जागा त्यांना सहज करता आली असती. पण ज्या मुलांना रोज कोणीतरी उचलते, पुसते, भरवते आणि बसवते, त्यांना स्वतःच्या मनाने हात माखून घेण्याची संधी सर्वांत कमी मिळते, हे त्यांनी ओळखले होते. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही या क्षेत्रातला कोणताही आराखडा मी आधी याच कसोटीवर पाहतो.

त्यानंतरची दोन दशके फार सुपीक होती. १९७१ मध्ये सायमन निकोल्सन यांनी ‘सुट्या वस्तूं’ची कल्पना मांडली: जागेत हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथली सर्जनशीलता जास्त. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये रॉबिन मूर यांनी एका प्राथमिक शाळेचे डांबरी आवार मुले, शिक्षक आणि पालकांना बरोबर घेऊन झाडे, तळी आणि वाटांच्या परिसरात बदलायला घेतले. मूर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सर्व मुलांसाठी खेळ या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नंतर अमेरिकेत आणि युरोपात नियम आले, मोजमापे आली, साहित्याचे कॅटलॉग आले. मोजमापांचा उपयोग मोठा आहे, कारण ती हक्क मागायला आधार देतात. पण कॅटलॉग आल्यापासून ‘समावेशक मैदान’ म्हणजे एक विकत घ्यायची वस्तू, असा समजही रुजला, आणि तो आपल्याकडे जसाच्या तसा येऊन पोहोचला आहे.

खरे तर आपल्याकडे स्वतःचा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात शाळा अंगणात भरली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही गेली. आसपासच्या बिया, पाने, शंख, माती हे तिथले साधन होते. मूल जिथे आहे तिथून शिक्षणाची जागा आखायची, हे तत्त्व त्यांनी करून दाखवले. दिव्यांग मुलांचा विचार त्या कामाच्या केंद्रस्थानी नव्हता, पण पद्धत तीच लागते. अलीकडे कबीर वाजपेयी आणि दिल्लीच्या ‘विन्यास’ संस्थेच्या ‘बाला’ या संकल्पनेतून शाळेची जोती, खिडक्या, फरशा शिकण्याची साधने झाल्या. आपल्या अनेक जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर ती रंगात दिसते. तिचा मैदानाविषयीचा भाग मात्र त्या मानाने कमी उचलला गेला. बंगळुरूची ‘किलिकिली’ ही संस्था सार्वजनिक उद्यानांत सर्व मुलांना एकत्र खेळता यावे म्हणून पालकांना घेऊन काम करत आली आहे. शाळांनी तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता प्रत्यक्ष जागेकडे येऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडलेली एक कल्पना इथे रोज कामी येते: एखादी जागा काय करू देते, हे ती वापरणाऱ्या शरीराशिवाय सांगता येत नाही. ३० सेंटिमीटर उंचीचा ओटा एका मुलाला उडी मारायला असतो, दुसऱ्याला बसायला, कॅलिपर घातलेल्या तिसऱ्याला धरून उभे राहायला आणि व्हीलचेअरवरच्या चौथ्याला ती भिंत असते. म्हणून साहित्याची यादी करण्याआधी वाट काढावी: या मुलाच्या बाकापासून वर्गाच्या दारापर्यंत, दारापासून सावलीपर्यंत, सावलीपासून जिथे बाकीची मुले खेळतात तिथपर्यंत, आणि नळ व स्वच्छतागृहामार्गे परत. ही वाट जिथे तुटते तिथे पुढचा सगळा खर्च वाया जातो. ब्रिटनमधल्या विशेष शाळांतल्या संवेदन-बागांचा अभ्यास करणाऱ्या हझरीना हुसेन यांनाही सलग, जोडलेल्या वाटांचेच महत्त्व दिसून आले. एकेकट्या आकर्षक गोष्टींपेक्षा त्या कशा गुंफल्या आहेत, यावर मुले जागा किती वापरतात हे ठरत होते.

वाट म्हटली की पृष्ठभाग आला, आणि महाराष्ट्रात पृष्ठभागाचा प्रश्न जिल्ह्यागणिक बदलतो. मराठवाड्यात आणि विदर्भात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता सिमेंटचा थर टाकला की दोन पावसाळ्यांत तो उचलतो, तडकतो. भेगेत कुबडीचे टोक आणि पांढऱ्या काठीचे टोकही अडकते. तिथे काळी माती काढून मुरूम भरणे, पाणी मारून रोलर फिरवणे आणि दोन्ही कडांना पाणी वाहून जायला चर ठेवणे हे काम आधी करावे लागते. फोटोत ते दिसत नाही, त्यामुळे देणगीदारांना दाखवायला अवघड जाते, तरी सर्वाधिक पैसा तिथेच घालावा असे माझे मत आहे. कोकणात पाणी निचरते, पण उतार वाहून जातात आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर जून संपायच्या आत शेवाळ धरते. शहरांत पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवरून व्हीलचेअर जाते खरी, पण तिचे धक्के सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या ताठ स्नायूंना सोसावे लागतात. गुळगुळीत शहाबादी फरशी ओली झाली की कोणाचीच नसते. वाळू पडायला आणि हातांना उत्तम, चाकांना अशक्य; म्हणून वाळूचा एक हौद जमिनीत आणि एक पसरट पेटी टेबलाच्या उंचीवर, खाली गुडघे जातील अशी, एकमेकांना लागून असाव्यात, म्हणजे दोन मुलांना एकाच वाळूत खेळता येते. रबरी टाइल्स झोपाळ्याखाली उपयोगी आहेत, पण एप्रिलच्या उन्हात त्या भाजतात. स्पायना बिफिडा असलेल्या काही मुलांच्या पायांना संवेदना कमी असते. भाजल्याचे त्यांना कळत नाही आणि कळत नाही म्हणून ती सांगत नाहीत.

चढाचे गणित एकदा हाताने करून पाहावे. १ फूट चढायला १२ फूट लांबी, हे प्रमाण आता सर्वांना माहीत आहे. तीन पायऱ्यांच्या, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला ५.४ मीटर रॅम्प लागतो. सव्वा मीटर उंचीच्या घसरगुंडीच्या मचाणापर्यंत रॅम्प न्यायचा तर १५ मीटर, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा आणि वर व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाचा मोकळा चौक. एवढे सगळे करून मूल वर पोहोचले, की पुन्हा त्याच रस्त्याने खाली येते, कारण घसरगुंडीवर बसणे त्याला एकट्याने जमत नाही. याउलट मातीची एक टेकडी घ्यावी: एका अंगाने सावकाश वळणारी वाट, दुसऱ्या अंगाने गवत, तिसऱ्या अंगाने दोर धरून चढण आणि टेकडीच्याच उतारावर टेकलेली रुंद घसरगुंडी, जिच्यावरून दोघे शेजारी बसून येऊ शकतात. पाया खणताना निघालेली माती बांधकामाच्या जागेवर पडलेलीच असते. ती ट्रकने बाहेर पाठवण्याआधी शाळेने दोन दिवस विचार करावा.

घसरगुंडीबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर अंग घासून स्थिर वीज तयार होते आणि कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाहेरच्या यंत्राला ती बाधू शकते. म्हणून घसरण्याआधी यंत्र काढून ठेवायची सूचना अनेकदा दिली जाते. म्हणजे आनंदाने ओरडण्याच्या नेमक्या क्षणी त्या मुलीला काहीच ऐकू येत नाही. पत्र्याची घसरगुंडी सावलीत असेल तर चालते. आपल्या जुन्या नगरपालिकांच्या बागांमध्ये मोझेकची, हत्तीच्या आकाराची घसरगुंडी असायची. ती थंड, टिकाऊ आणि या बाबतीत निर्धोक होती. ती जिथे शिल्लक असेल तिथे पाडू नये.

झोपाळा हा या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी १९७२ च्या त्यांच्या ग्रंथात तोलाचे भान आणि सांधे-स्नायूंचे भान या दोन संवेदनांवर भर दिला. त्यांच्या उपचारपद्धतीच्या परिणामांबद्दल संशोधकांत मतभेद आहेत, पण मुलांना पाहण्याची एक नजर त्यांनी दिली, हे नाकारता येत नाही. कोणी स्वमग्न मूल सतत गोल फिरते, कोणी झाडाला अंग दाबून उभे राहते, कोणाला जमिनीपासून पाय सुटले की धास्ती वाटते. एकाच झोपाळ्यावर या सगळ्यांचे भागत नाही. पाठीला आधार असलेली एक बैठक, आडवे झोपून झुलता येईल असा जाळीचा मोठा झोपाळा ज्यात मैत्रीणही मावेल, आणि अगदी जमिनीलगत हलणारी एक फळी असावी. झोपाळ्याच्या मागेपुढे जी जागा झोक्यात येते तिला कठडा हवा, कारण अंध मुलाला येणारा झोका दिसत नाही आणि धावत सुटणाऱ्या मुलाला तो दिसून उपयोग होत नाही.

गोंगाट सोसत नाही अशा मुलाला मैदानावर लपायला जागा लागते. इथे एक चूक वारंवार होते: शांत कोपरा म्हणून मैदानापासून दूर, इमारतीच्या मागे एखादी खोली दिली जाते. तिथे गेलेले मूल परत येत नाही. कोपरा खेळाच्या कडेलाच असावा, तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडा; आत बसून बाहेरचे पाहता यावे, मनात आले की चार पावलांत खेळात शिरता यावे आणि नको झाले की तितक्याच सहज मागे येता यावे. बांबूची जाळी, वर दुधीचा नाहीतर घोसाळ्याचा वेल, आत दोघांना पुरेल एवढा ओटा, एवढ्यावर काम भागते. अनेक स्वमग्न मुले मैदानाच्या कडेकडेने चकरा मारतात. त्यांना मध्ये ओढण्यापेक्षा कडेची ती वाट चांगली करावी. तिच्यावर घुंगरू लावलेला दोर, पाय ठेवायला लाकडी ओंडके, खिडकीसारखे एक भोक असले, की मूल आपल्या चकरेत राहूनच दुसऱ्या कोणाला तरी भेटते. आणि फाटकाला मुलाच्या हाताला न येणारी कडी हवी. काही मुले अचानक बाहेर पळतात. रस्त्यालगतच्या शाळेत ही जिवाशी गाठ असते.

बहिऱ्या मुलांना आडोसे त्रासाचे ठरतात, कारण त्यांचे बोलणे हातांनी आणि डोळ्यांनी चालते. त्यांना गोलात बसायची जागा लागते, तीही अशी की बोलणाऱ्याच्या पाठीशी ऊन नसेल. कमी दिसणाऱ्या मुलांना पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, वाट बदलताना पायाखालचा बदलणारा स्पर्श आणि छर्रे भरलेला आवाजाचा चेंडू लागतो. दाट झाडाखालचा कवडशांचा खेळ आपल्याला सुंदर वाटतो. कमी दृष्टीच्या मुलाला त्यात खड्डा कुठे आणि सावली कुठे हे ओळखता येत नाही. एकाची सोय दुसऱ्याची अडचण होते, हे या क्षेत्रात पावलोपावली भेटेल. नियमपुस्तिका तिथे संपते आणि त्या शाळेतली ती मुले विचारात घ्यावी लागतात.

झाडांबाबत आधी काय लावू नये ते सांगावे लागते. शाळांच्या कुंपणाला कण्हेर हमखास असते, कारण तिला गुरे तोंड लावत नाहीत. ती सर्वांगाने विषारी आहे. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, गुंज, मोगली एरंड यांच्या बिया मुलांना खेळायला हव्याशा वाटतात. काही मुले हाताला येईल ते तोंडात घालतात, त्यांच्यासाठी हा जिवाचा धोका आहे. गाजरगवत उपटणे हे वर्षातून दोनदा करायचे काम समजावे. लावायला मात्र आपल्याकडे खजिना आहे. गवती चहा आणि पानओवा चुरगळायला, लाजाळू स्पर्शाला, पारिजातक पहाटे वेचायला, बांबूची बेटे वाऱ्यात ऐकायला, कडुलिंब आणि करंज सावलीला. वाफे उंच ओट्यांवर असावेत, म्हणजे बसलेल्या मुलालाही खुरपे चालवता येते. विदर्भात सकाळची शाळा सुरू झाली की मैदानाचा वापर साडेनऊच्या आत आटोपतो. तिथे झाड लावल्यापासून त्याची सावली पडेपर्यंतच्या वर्षांसाठी हिरवे जाळे बांधावे लागते, आणि ते अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी यायला हवे.

वरच्या सगळ्या वर्णनात मूल जणू आहे तसेच राहणार, असे गृहीत धरले आहे. तसे नसते. ड्युशेन प्रकारच्या स्नायूंच्या आजारात मुलगा पहिलीत धावतो, तिसरी-चौथीत पडू लागतो आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत बहुधा त्याचे चालणे थांबते. मैदान तेच, मित्र तेच. वर्षागणिक एकेक खेळ त्याच्या हातून सुटतो. इथे रचनाकाराचे काम अतिशय हळुवार आहे. चालत जाताना ज्या वाटेने तो मित्रांबरोबर जात होता, चाकांवर आल्यावरही ती वाट तीच राहावी. उभ्याने चालवायचा पाण्याचा पंप बसूनही चालवता यावा. टेकडीवरचा त्याचा अड्डा त्याच्यापासून हिरावला जाऊ नये. ‘दिव्यांगांचा विभाग’ असा वेगळा कोपरा केला की अशा मुलाला एके दिवशी आपल्या टोळीतून उठून तिकडे जावे लागते. म्हणून वेगळ्या विभागाला माझा ठाम विरोध आहे.

मुले स्वतः या प्रश्नावर फार पूर्वीपासून उपाय काढत आली आहेत. धाकटे भावंड खेळायला आले की त्याला कच्चे लिंबू करतात: ते खेळते, पण बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. ही उदार रीत आहे आणि तिच्यामुळे कितीतरी मुलांना खेळात पाऊल टाकता आले. पण धाकटे भावंड वर्षा-दोन वर्षांत पक्के होते. दहा वर्षांची मतिमंदत्व असलेली मुलगी सहा वर्षे कच्चेच लिंबू राहिली, तर हरणे म्हणजे काय हे तिला कधी कळणार? जागा आणि खेळ एकत्र आखले तर यातून वाट निघते. विषामृतात अमृत द्यायचे काम व्हीलचेअरवरचा मुलगा दणक्यात करू शकतो, जमीन टणक असली तर. लगोरीच्या चकत्या कमरेएवढ्या ओट्यावर रचल्या की खाली वाकता न येणाराही रचतो, आणि नेम चुकला की तोही बाद होतो. सह्याद्रीतल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेले खेळांचे पट आजही सापडतात. खळगे आणि रेघा बोटांनी वाचता येतात, सोंगट्यांना चिंचोके पुरतात; शाळेच्या पारावर असा एक पट पाथरवटाकडून कोरून घेतला, तर अंध आणि डोळस मुले एकमेकांवर सारखीच मात करतील.

धोक्याबद्दल मोकळेपणाने बोलावे लागेल. सिडनीत ॲनिटा बंडी आणि सहकाऱ्यांनी शाळांच्या मैदानांवर टायर, खोके, नळ्या, कापड अशा सुट्या वस्तू ठेवल्या आणि मोठ्यांशी धोक्याविषयी चर्चा घडवल्या. पुढे हे काम दिव्यांग मुलांच्या शाळांतही झाले. मुलांइतकेच तिथे मोठ्यांना बदलावे लागते, हे त्यातले मर्म. अर्थात प्रत्येक भीती निराधार नसते. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांत सैलपणा असतो, त्यांना कोलांटी धोक्याची. अपस्माराचा झटका येणाऱ्या मुलाने किती उंच चढावे, हे त्याच्या डॉक्टरांना आणि आईवडिलांना विचारूनच ठरवावे. अशी नेमकी माहिती हाती असली, म्हणजे बाकीच्या शंभर गोष्टींना बिनधास्त हो म्हणता येते. आपल्याकडे जुन्या टायरांची मैदाने स्वस्तात उभी राहतात आणि मुलांना ती आवडतात. फक्त टायरांना खाली भोके पाडावीत, नाहीतर पावसाचे पाणी साचून डेंग्यूच्या डासांची सोय होते.

वेळ हीसुद्धा आखायची गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत खिचडी, हात धुणे, स्वच्छतागृह आणि मग खेळ. जे मूल हळू खाते, ज्याला कपडे सोडायला मदत लागते, त्याचा खेळ सुरू होण्याआधी घंटा होते. नळ आणि स्वच्छतागृह मैदानाला लागून आणले तर काही मिनिटे वाचतात. अशा मुलांना आणि त्यांच्या दोन मित्रांना पाच मिनिटे आधी सोडले तर आणखी काही. यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा एक ठराव पुरतो.

नव्याने अभ्यासाला लागणाऱ्याने पहिल्या महिन्यात काहीही बांधू नये. मैदानाचा साधा आराखडा कागदावर काढावा, त्याच्या प्रती कराव्यात आणि रोज मधल्या सुट्टीत ठराविक अंतराने कोणते मूल कुठे आहे, काय करते आहे, कोणाबरोबर आहे याच्या खुणा कराव्यात. वर्तन-नकाशाची ही पद्धत मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूप वापरली आहे. महिन्याभरात कागदावर गर्दीच्या जागा, ओस जागा आणि ते एकच मूल ज्या खांबाशी रोज दिसते तो खांब, हे सगळे उमटते. मग मुलांना विचारावे. बोलू न शकणाऱ्या मुलांना चित्रांच्या पाट्या द्याव्यात, मैदानाचे फोटो दाखवावेत, आपल्याला कुठे घेऊन जातात ते पाहावे. थेरपिस्टला बोलवायचे ते यानंतर, आणि गवंड्याला त्याच्याही नंतर.

अजून बरेच काम व्हायचे आहे. निवासी विशेष शाळांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या, मोठ्या अंगाच्या मुलांसाठी झोपाळे कसे असावेत? पाळी सुरू झालेल्या, पण ते समजून घेणे अवघड जाणाऱ्या मुली मैदानावरून अचानक दिसेनाशा होतात, त्यांच्यासाठी काय करता येईल? कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात छपराखालचे मैदान किती रुंद हवे? एका शिक्षिकेच्या खांद्यावर चाळीस मुले असलेल्या दोनशिक्षकी शाळेत यातले काय शक्य आहे, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षकाने तो दिवस मैदानावर कसा घालवावा? या प्रश्नांवर मराठीत नोंदी व्हायला हव्यात, फसलेल्या प्रयोगांच्याही. आणि जो आराखडा शाळेच्या हाती द्याल त्याच्या एका कोपऱ्यात तीन नावे अवश्य लिहून घ्या: झोपाळ्याच्या कड्या दर महिन्याला कोण तपासणार, पावसाळ्याआधी चर कोण उपसणार आणि मे महिन्यात रोपांना पाणी कोण घालणार.